माग, नांगर आणि मोटार : टोयोटाचा इतिहास व खानदेशातील वाहनधारकांचे मत

१. विषयाची मांडणी

यंत्राचा इतिहास लिहिताना ते कोणी निर्माण केले, केव्हा केले आणि किती विकले गेले, एवढ्याच गोष्टींची बहुधा नोंद होते. ज्याने ते यंत्र विकत घेतले त्याने ते कसे वापरले आणि वापरानंतर त्याचे त्याविषयी काय मत झाले, हा भाग इतिहासाबाहेर राहतो. वास्तविक कोणत्याही कारखान्याची पत शेवटी वापरणाऱ्याच्या दारी ठरते. मालकाचे मत हे म्हणूनच इतिहासाचे साधन होय. मात्र ते साधन म्हणून वापरावयाचे तर मालक कोण, त्याचा रस्ता कोणता आणि गाडीवर त्याचे काय अवलंबून आहे, हे प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत.

टोयोटा ही जपानी मोटार कंपनी ह्या दृष्टीने अभ्यासास विशेष सोयीची आहे. तिचा उगम विणकामाच्या मागात आहे; भारतातील तिचा भागीदार किर्लोस्कर समूह, त्याची कीर्ती लोखंडी नांगरातून वाढली; आणि तिच्या वाहनांचा एक मोठा ग्राहकवर्ग महाराष्ट्राच्या तालुक्यांच्या गावी आहे. गिरणाकाठचे भडगाव हे असेच एक गाव. जळगावाहून पाचोऱ्यावरून चाळीसगावास जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. गावास स्वतःचे रेल्वे स्थानक नाही; रेल्वे गाठण्यासाठी पाचोरा किंवा कजगाव येथे जावे लागते. अशा गावी मोटार ही चैनीची वस्तू होण्यापूर्वीच गरजेची वस्तू होते, आणि तिच्याविषयीचे मतही त्याच क्रमाने बनते.

२. कापसाचा मुलूख आणि मागाचा कारखाना

टोयोटा घराण्याचा मूळ पुरुष साकिची टोयोडा हा १८६७ साली एका सुताराच्या घरी जन्मला. १८९१ साली त्याने एका हाताने चालविता येणाऱ्या लाकडी हातमागाचे एकस्व मिळविले आणि १८९६ साली यांत्रिक शक्तीवर चालणारा माग सिद्ध केला. १९२४ साली पूर्ण झालेला त्याचा ‘जी’ जातीचा स्वयंचलित माग हा त्याच्या कार्याचा कळस मानला जातो. ह्या मागात वेग कमी न करता धोटा आपोआप बदलला जाई. ताण्याचा धागा तुटला किंवा बाण्याचा धागा संपला, तर माग स्वतःच थांबे. त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे आणि एका कामगारास एका वेळी अनेक मागांवर लक्ष ठेवता येई. १९२६ साली कारिया येथे स्वयंचलित मागांचा कारखाना स्थापन झाला. लँकेशायरमधील प्लॅट ब्रदर्स ह्या प्रसिद्ध यंत्रनिर्मात्यांनी १९२९ साली त्या मागाचे हक्क घेण्याचा करार केला. ज्या इंग्लंडकडून जपानने गिरण्या चालविण्याची विद्या घेतली, त्याच इंग्लंडने जपानी मागाचे मोल द्यावे, ही घटना त्या काळी लहान नव्हती.

ह्या इतिहासाशी खानदेशाचा संबंध वरवर दिसतो त्याहून निकटचा आहे. जपानच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा मोठा भाग हिंदुस्थानातून जात असे. १८९३ साली मुंबई आणि जपान यांच्या दरम्यान नियमित जहाजवाहतूक सुरू झाली, तिचे मुख्य कारण कापूस हेच होते. खानदेश तर कापसाचाच मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भडगाव येथे सरकारी प्रयोगशेत होते आणि कापसाची सुधारणा हा तेथील कामाचा एक प्रमुख भाग होता. जळगाव, अमळनेर आणि धुळे येथे पुढे कापडाच्या गिरण्या चालल्या. म्हणजे जपानी माग एका बाजूने ह्या देशातील कापसाचा गिऱ्हाईक होता, तर दुसऱ्या बाजूने येथील गिरण्यांचा प्रतिस्पर्धी होता.

हा दुहेरी संबंध १९३३ साली उघड संघर्षास आला. हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील आयातकर शेकडा ७५ पर्यंत वाढविला; त्यास उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. जानेवारी १९३४ मध्ये झालेल्या समझोत्यात जपानी कापडाची आयात हिंदी कापसाच्या खरेदीशी जोडण्यात आली. त्याच वर्षी, म्हणजे सप्टेंबर १९३३ मध्ये, कारियाच्या माग कारखान्यात साकिचीचा पुत्र किइचिरो टोयोडा याने मोटार विभाग उघडला. ह्या दोन घटनांत कार्यकारणाचा धागा ओढण्याचे कारण नाही. परंतु कापडधंद्याचे भवितव्य परक्या सरकारांच्या करांवर अवलंबून असण्याच्या त्या काळात मागाच्या कारखान्याने दुसऱ्या यंत्राकडे वळावे, हे समजण्याजोगे आहे.

३. पहिल्या तक्रारी

टोयोटाची कीर्ती आज न बिघडणाऱ्या गाड्यांसाठी आहे. म्हणून तिचा आरंभ बिघडणाऱ्या गाड्यांपासून झाला, ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. १९३५ साली बाजारात आलेली ‘जी १’ ही मालमोटार वारंवार नादुरुस्त होई. बिघडलेल्या गाडीकडे कारखान्याची माणसे धाडली जात, दोष कोठे आहे हे पाहिले जाई आणि त्यानुसार भागांची घडण बदलली जाई. विक्रीची व्यवस्था पाहणारा शोतारो कामिया हा पूर्वी अमेरिकन कंपनीच्या जपानी शाखेत काम केलेला गृहस्थ होता. प्रथम ग्राहकाचे हित, नंतर विक्रेत्याचे आणि शेवटी कारखान्याचे, असा क्रम त्याने घालून दिला. ह्या धोरणात उदारता किती आणि निरुपाय किती, हे सांगणे अवघड नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या गाड्या जपानात सर्वत्र असताना नव्या कारखान्यास मालकाचे गाऱ्हाणे ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ऑगस्ट १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्वतंत्रपणे स्थापन झाली. महायुद्धानंतर १९५० साली ती दिवाळखोरीच्या काठावर आली. कामगारकपात झाली, दीर्घ संप झाला आणि किइचिरोने राजीनामा दिला. त्याच वर्षी सुरू झालेल्या कोरियन युद्धातील मालमोटारींच्या मागणीने कंपनी तरली. ह्यानंतरच्या काळात तैइची ओनो याच्या देखरेखीखाली तिची प्रसिद्ध उत्पादनपद्धती आकारास आली. ओनो हा मूळचा टोयोडांच्या सूतगिरणीतील माणूस. १९४३ साली तो मोटार कारखान्यात आला. दोष दिसताच यंत्र थांबवावे, हे मागाचे तत्त्व त्याने मोटारींच्या जुळणीस लावले. पुढल्या टप्प्यास लागेल तेवढेच आणि लागेल तेव्हाच तयार करावे, ह्या किइचिरोच्या कल्पनेस त्याने प्रत्यक्ष व्यवस्थेचे रूप दिले.

तथापि पद्धती कितीही चांगली असली, तरी रस्ता बदलला म्हणजे मत बदलते. १९५५ साली निघालेली ‘क्राउन’ गाडी जपानच्या खडबडीत रस्त्यांवर नावाजली गेली होती. तीच गाडी १९५८ साली अमेरिकेत विकावयास नेली, तेव्हा तेथील महामार्गांवरील वेगाला तिचे इंजिन पुरे पडेना. ते तापे आणि गाडी थरथरे. थोड्याच काळात ती निर्यात थांबवावी लागली. गाडी तीच, कारखाना तोच. निर्णय मात्र अगदी विरुद्ध. मालकांच्या मतांचा अभ्यास करणाऱ्याने हा दाखला नेहमी समोर ठेवावा.

४. किर्लोस्करांचा नांगर

मराठी वाचकास ह्या कथेचा जोडपदर परिचित आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि तेथून ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविण्याकडे वळले. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमीन विषारी होते, ह्या समजुतीमुळे शेतकरी प्रथम त्या नांगरास हात लावीनात. प्रत्यक्ष शेतात नांगर चालवून दाखविणे, मोडलेला भाग मिळेल अशी व्यवस्था ठेवणे आणि अनुभवी शेतकऱ्याच्या तोंडून दुसऱ्यास खात्री पटविणे, ह्या मार्गांनीच तो खपू लागला. १९२० साली शंकरराव किर्लोस्कर यांनी काढलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे पुढे मराठीतील मान्यवर मासिक झाले. परंतु त्याचा जन्म कारखान्याचे वार्तापत्र म्हणूनच झाला होता.

माग आणि नांगर यांत एक साम्य आहे. दोन्ही वस्तू शोभेसाठी घेतल्या जात नाहीत. विणकराचा माग थांबला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. वाफसा असताना नांगर मोडला तर हंगाम हातचा जातो. अशा वस्तूंविषयी वापरणाराचे मत कठोर असते, पण एकदा बसल्यावर ते सहसा ढळत नाही. दोन्ही घराण्यांची जडणघडण अशा परीक्षकांसमोर झाली.

५. भारतातील पहिला प्रयत्न आणि दुसरा

टोयोटाचे नाव भारतात प्रथम मोटारीवर आले नाही. ते हलक्या मालमोटारीवर आले. १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने चार कंपन्या ह्या क्षेत्रात उतरल्या : डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी आणि स्वराज माझदा. ह्या गाड्या चालविण्यास सुखद आणि इंधनास काटकसरी होत्या. परंतु १९८५ नंतर येनचे मूल्य झपाट्याने वाढले आणि जपानहून येणारे भाग महाग झाले. १९८६ साली टाटांची ‘४०७’ बाजारात आली. भारतीय मालमोटारवाल्याच्या ओझ्याची आणि दुरुस्तीची सवय तिच्या निर्मात्यांना ठाऊक होती. मालकांनी कौल दिला तो ‘४०७’ च्या बाजूने. डीसीएमची भागीदारी १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास कोरियाच्या देवू कंपनीकडे गेली.

दुसरा प्रयत्न अधिक सावधपणे झाला. १९९५ साली किर्लोस्कर आणि टोयोडा यांचे पहिले सहकार्य सूतकताईच्या यंत्रांसाठी झाले. म्हणजे येथेही मोटारीआधी वस्त्रयंत्रच आले. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर (१९५८–२०२२) यांचा त्यात पुढाकार होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. बंगळुरूजवळ बिदडी येथे तिचा कारखाना उभा राहिला आणि जानेवारी २००० मध्ये ‘क्वालिस’ ही गाडी बाजारात आली.

६. क्वालिस आणि कालीपिली

क्वालिस ही नवी गाडी नव्हती. टोयोटाने इंडोनेशियात १९७७ पासून ‘किजांग’ नावाची साधी, बहुउपयोगी गाडी चालविली होती. तिच्या तिसऱ्या पिढीच्या आराखड्यावर क्वालिस बेतली होती. चासीवर बसविलेला सांगाडा, मागील बाजूस पाटे, २.४ लिटरचे डिझेल इंजिन आणि आठ-दहा माणसांची सोय, असे तिचे स्वरूप होते. मोटारविषयक नियतकालिकांतील परीक्षकांनी तिच्यावर टीका केली. तिचा आकार पेटीसारखा आहे, रूप जुनाट आहे, इंजिनास जोम नाही आणि जगप्रसिद्ध कंपनीने भारताला शिळा माल दिला आहे, असा तिचा एकंदर सूर होता. ह्यांतील एकही आक्षेप खोटा नव्हता.

तरीही गाडी खपली, आणि ती कोणी घेतली हे पाहिले असता कारण कळते. खानदेशातील तालुक्यांच्या रस्त्यांवर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या भाड्याच्या गाड्यांना ‘कालीपिली’ म्हणतात. त्या धंद्यात पूर्वी जीप आणि ट्रॅक्स यांचे राज्य होते. १९९४ पासून टाटा सुमोही आली. मात्र दूरच्या भाड्याला ह्या गाड्यांत प्रवासी दमून जात. लग्नाचे वऱ्हाड, सप्तशृंगगडाची किंवा शिर्डीची यात्रा, नाशिक-मुंबईच्या इस्पितळात न्यावयाचा रुग्ण, अशा भाड्यांना बसावयास बरी, आवाज न करणारी आणि वाटेत दगा न देणारी गाडी हवी होती. क्वालिसने ती गरज भागविली. धंदेवाईक मालकाचा हिशेब सरळ असतो : गाडी उभी राहिली तर कर्जाचा हप्ता थांबत नाही. त्याच्या लेखी पेटीसारखा आकार हा दोष नव्हता, कारण त्यात माणसे आणि बोचकी दोन्ही मावत. जुनी रचना हाही दोष नव्हता, कारण ती गावच्या मिस्त्रीला उमगत होती. इंजिनाचा जोम कमी असणे हे देखील त्याने मानून घेतले, कारण शांतपणे चाललेले इंजिन पुष्कळ दिवस टिकते, असा त्याचा अनुभव होता.

शहरातील परीक्षक आणि तालुक्यातील मालक एकाच गाडीविषयी परस्परविरुद्ध बोलत होते आणि दोघेही खरे बोलत होते. पहिल्याने गाडीची तुलना जगातील नव्या गाड्यांशी केली; दुसऱ्याने ती आपल्या आदल्या गाडीशी केली. मतांचे वजन करताना हा तुलनेचा पाया शोधून काढणे, हेच अभ्यासकाचे पहिले काम होय.

७. वर्ग बदलला, कसोटी बदलली

२००५ साली चांगली मागणी असतानाच कंपनीने क्वालिस बंद केली आणि तिच्या जागी ‘इनोव्हा’ आणली. पाट्यांच्या जागी मागे स्प्रिंगा आल्या, इंजिन आधुनिक झाले, आसने सुखावह झाली; किंमतही वाढली. भाड्याच्या धंद्यातील लहान मालकास ती सहज परवडेना आणि त्यांपैकी अनेकजण शेव्हरोले टवेरा ह्या गाडीकडे वळले. इनोव्हा मोठ्या प्रवासी व्यावसायिकांनी, संस्थांनी, डॉक्टरांनी आणि बागायतदारांनी घेतली. तिच्याविषयीचे सर्वसाधारण मत प्रसिद्ध आहे : किंमत जास्त, सुटे भाग महाग, परंतु लाखो किलोमीटर चालते आणि विकताना पैसा परत मिळतो. हा शेवटचा मुद्दा विशेष लक्षणीय आहे. जुन्या गाडीची किंमत म्हणजे पुढल्या मालकाने मागल्या मालकाच्या मतावर ठेवलेला विश्वास. मताचे एवढे नेमके मोजमाप दुसरे नाही.

२००९ साली ‘फॉर्च्युनर’ आली. तिच्या मालकाची कसोटी निराळी होती. गाडीची बसण कडक आहे आणि किमतीच्या मानाने आतील सजावट साधी आहे, अशा तक्रारी होऊनही महाराष्ट्रातील राजकारणी आणि कंत्राटदार यांच्या वर्तुळात ती प्रतिष्ठेचे चिन्ह बनली. उलट डिसेंबर २०१० मध्ये खास भारतासाठी काढलेली ‘इटिऑस’ ऐसपैस आणि भरवशाची असूनही घरगुती ग्राहकास भावली नाही. साधी अंतर्रचना आणि मध्यभागी बसविलेले वेगदर्शक यंत्र त्याला खटकले. टॅक्सीचालकांनी मात्र तिला आपलेसे केले, आणि टॅक्सीची गाडी अशी ख्याती झाल्यावर घरगुती ग्राहक आणखी दूर गेला. २०२० साली ती बंद झाली. क्वालिसला जे गुण तारक ठरले, तेच इटिऑसला पुरेसे ठरले नाहीत. कारण दहा वर्षांत मोटार घेणारा वर्ग पालटला होता.

८. पत आणि तिची परीक्षा

एकदा जमलेली पत पुढे भांडवलासारखी वापरता येते, आणि तेथेच धोका असतो. २००९–१० मध्ये गाडी अकस्मात वेग घेते ह्या तक्रारींवरून टोयोटास जगभर लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये अध्यक्ष अकिओ टोयोडा यांना अमेरिकन प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे उभे राहावे लागले; कंपनीची वाढ माणसे घडविण्याच्या वेगापुढे गेली, अशी कबुली त्यांनी दिली. सुरक्षिततेसंबंधीची माहिती दडविल्याबद्दल २०१४ साली कंपनीने अमेरिकेत १२० कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

भारतातील मालकाशी अधिक जवळचा प्रसंग जानेवारी २०२४ मधील आहे. डिझेल इंजिनांच्या शक्तीची प्रमाणन चाचणी घेताना अनियमितता झाल्याचे चौकशीत उघड झाले आणि इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर व हायलक्स ह्या गाड्या भारतातील विक्रेत्यांकडे पाठविणे काही काळ थांबले. ही चाचणी घेणारी कंपनी टोयोटा इंडस्ट्रीज होती, म्हणजे १९२६ साली साकिचीच्या मागासाठी स्थापन झालेला तोच कारखाना. धागा तुटताच थांबणारा माग ज्या संस्थेने जगाला दिला, तिच्या स्वतःच्या कामात धागा तुटूनही माग चालू राहिला होता. येथील मालकांच्या मतावर ह्याचा फारसा परिणाम झाला नाही, ही गोष्टही नोंदविण्याजोगी आहे. प्रत्यक्ष रस्त्यावरील अनुभवास मालक कागदावरील आकड्यापेक्षा अधिक मोल देतो. त्यात शहाणपण आहे. पण कागदावरील आकडा तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नसते, हेही त्यामागचे एक कारण आहे.

तिसरी परीक्षा नावाची आहे. सुझुकीशी झालेल्या सहकार्यातून २०१९ पासून ‘ग्लांझा’सारख्या गाड्या टोयोटाच्या नावाने विकल्या जाऊ लागल्या, त्यांची मूळ रचना मारुतीच्या गाड्यांची होती. काही मालक म्हणतात की आपण केवळ चिन्हाचे पैसे दिले. काही म्हणतात की विक्रीनंतरची सेवा आणि हमी यांतच त्या पैशाचा मोबदला मिळतो. जी ख्याती क्वालिसच्या चाकांनी मिळविली, ती दुसऱ्याने घडविलेल्या गाडीस किती काळ पुरेल, हा प्रश्न ह्या मतभेदाच्या मुळाशी आहे.

९. समारोप

३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासन आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर यांच्यात छत्रपती संभाजीनगर येथील औद्योगिक क्षेत्रात सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या कारखान्यासाठी सामंजस्य करार झाला. भडगावाहून चाळीसगावमार्गे कन्नडचा घाट चढला की संभाजीनगरचा रस्ता लागतो. आजवर टोयोटाशी खानदेशाचा संबंध ग्राहक म्हणून होता. कारखाना उभा राहिल्यास तो कामगार आणि पुरवठादार म्हणूनही जडू शकेल. एका अर्थाने हा संबंध पुन्हा कापसाच्या दिवसांकडे वळेल, कारण तेव्हाही हा मुलूख जपानी यंत्राला काहीतरी पुरवीत होता आणि किंमत मात्र दूर कोठेतरी ठरत होती. ह्या वेळी ती कोठे ठरते, इकडे स्थानिक इतिहासकाराने लक्ष द्यावयास हवे.

त्यासाठी साधने अजून शिल्लक आहेत, पण ती टिकाऊ नाहीत. प्रादेशिक परिवहन कार्यालयातील नोंदणी आणि परवाने, सहकारी पतसंस्थांची वाहनकर्जाची खाती, गॅरेजवाल्यांच्या दुरुस्तीच्या वह्या आणि पहिल्या पिढीच्या कालीपिली चालकांच्या आठवणी, ह्या सर्वांतून तालुक्याच्या जीवनात मोटारीने घडविलेला बदल वाचता येईल. त्यांतही वह्या आणि आठवणी यांना अग्रक्रम द्यावा. कार्यालयातील नोंद गाडी कोणाची होती एवढेच सांगते. ती किती वेळा बिघडली, दुरुस्तीस काय पडले आणि मालकाने दुसऱ्या वेळी तीच गाडी का घेतली किंवा का घेतली नाही, हे फक्त वही आणि माणूसच सांगू शकतात. गॅरेज बंद पडले की वह्या रद्दीत जातात. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे आणि ते लवकर हाती घेतले पाहिजे.